गटाराला भुयार म्हणणारा मुलगा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी शाळेतलं स्काऊट पथक चालवतो. सुट्टीच्या दिवशी आमची १२ ते १५ वर्षांची मुलं एका जुन्या किल्ल्यावर येणाऱ्यांना माहिती सांगतात. मागच्या वेळी एका पाहुण्यांनी तटाच्या पायथ्याचं चौकोनी भोक दाखवून विचारलं, 'हे काय?' आमच्या मुलाने बेधडक सांगितलं, 'वेढा पडला की निसटायचं गुप्त भुयार.' घोळक्यातले एक गृहस्थ म्हणाले, 'अरे बाळा, हे पाणी जायचं गटार आहे.' सगळे हसले. तेव्हापासून मुलगा येत नाही. यापुढे मुलांकडून मजकूर पाठ करून घ्यावा आणि तेवढाच बोलायला लावावा का? दुसरं म्हणजे, लोक जाताना मुलांच्या हातावर पैसे ठेवतात. घेऊ द्यावेत का?
– एक पथकप्रमुख

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि आधी त्या मुलाचाच विचार आला. तो खोटं बोलला नाही. समोर मोठी माणसं उभी, अंगावर गणवेश, गळ्यात स्कार्फ. अशा वेळी 'माहीत नाही' म्हणणं म्हणजे गणवेशाची लाज घालवणं, असं त्याला वाटलं. हे वाटणं आपणच मुलांच्या मनात भरतो. चुणचुणीत उत्तराला शाबासकी देतो, कबुलीला देत नाही.

पाठांतराचं म्हणाल तर नको. पाठ केलेला मजकूर मधेच प्रश्न आला की तुटतो, आणि मूल तुटलेली जागा कल्पनेने सांधतं. तुमच्या मुलाचं तेच झालं असावं.

मी २२ वर्षं गाईड पथक चालवलं. आमच्या मुली जुन्या वास्तू दाखवायच्या, तेव्हा मी त्यांना तीन क्रियापदं दिली होती : दिसतं, लिहिलंय, सांगतात. प्रत्येक वाक्याच्या शेवटी यातलं एक आलंच पाहिजे. उंबरठ्याचा दगड मधोमध झिजलाय, हे दिसतं. दरवाजा अमुक साली बांधला, हे शिलालेखात लिहिलंय. इथून राणी निसटली, असं सांगतात. दंतकथा सांगायची नाही असं मी कधीच म्हटलं नाही, लोकांना त्या हव्या असतात आणि त्या त्या जागेच्याच असतात. फक्त तिच्यावर तिची चिठ्ठी हवी.

मलाही हे उशिरा उमगलं. बुरुजातला गोल जिना वर जाताना उजवीकडे वळतो, कारण वरून लढणाऱ्याचा उजवा हात मोकळा राहावा, असं मी कित्येक वर्षं छातीठोकपणे शिकवत होते. पुढे वाचनात आलं की हे स्पष्टीकरण मध्ययुगातल्या कुठल्या कागदात सापडत नाही. ते पसरलं १९०२ मधल्या एका इंग्रजी निबंधापासून, आणि डावीकडे वळणारे जिनेही कितीतरी आहेत. ज्या मुलींना मी ते शिकवलं, त्या तोवर मोठ्या होऊन गेल्या होत्या. त्याची रुखरुख अजून आहे.

ताजमहालाचंच बघा. यमुनेपलीकडे काळा ताज बांधायचा होता, ही कथा तावेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याच्या प्रवासवर्णनापासून चालत आली. पलीकडच्या मेहताब बागेत काळे दगड सापडतात, म्हणून ती खरीही वाटायची. १९९० च्या दशकात तिथे उत्खनन झालं आणि ते दगड काळे पडलेले पांढरेच निघाले. आता ही गोष्ट एखाद्या मुलाने या क्रमाने सांगितली तर बघा : आधी 'सांगतात', मग 'लिहिलंय', मग 'दिसतं'. ऐकणारा हलणार नाही जागचा.

स्काऊटचा पहिला नियम काय? स्काऊट विश्वसनीय असतो. वाटाड्या झालेल्या मुलासाठी मला तो एकच नियम पुरेसा वाटतो.

पैशांचं उत्तर याच धाग्यात आहे. १९०९ मध्ये लंडनमध्ये विल्यम बॉइस या अमेरिकन प्रकाशकाला एका मुलाने मदत केली. बॉइसने बक्षिसी पुढे केली. मुलगा म्हणाला, मी स्काऊट आहे, मदतीचे पैसे घेत नाही. पुढच्याच वर्षी, ८ फेब्रुवारी १९१० ला, बॉइसने अमेरिकेत स्काऊट चळवळीची संस्था नोंदवली. त्या मुलाचं नाव कधीच कळलं नाही. त्याच्या आठवणीसाठी अमेरिकन स्काऊटांनी १९२६ मध्ये इंग्लंडच्या गिलवेल पार्कला रानरेड्याचा पुतळा भेट दिला. ही गोष्ट सांगताना सगळे दाट धुकं घालतात : धुक्यात वाट चुकली आणि मुलगा देवासारखा आला. पण बॉइसच्या मूळ हकिकतीत धुकं नाहीच. मुलाने त्याला रस्ता ओलांडून दिला, इतकंच. आपल्या चळवळीच्या सर्वांत लाडक्या गोष्टीतही कुणीतरी गुप्त भुयार खणून ठेवलंय, हे तुमच्या मुलाला जरूर सांगा. धुकं काढलं तरी नाकारलेली बक्षिसी उरतेच, आणि तीच महत्त्वाची.

तेव्हा पैसे नाहीत. 'आमचं हे सेवाकार्य आहे' एवढं हसून म्हणायचं. फार आग्रह झाला तर वास्तूची देखभाल करणाऱ्यांची दानपेटी असेल तिकडे बोट दाखवायचं. तिथे वाटाडेपणावर पोट असलेली माणसं असतील, तर मुलांना त्यांच्या आड येऊ देऊ नका. उलट त्यांना पथकाशी बोलायला बोलवा. दगडाच्या गोष्टी त्यांना जास्त ठाऊक असतात.

बाकी थोडं व्यवहाराचं. एका ठिकाणी दोघं उभी करा, एकटं कुणी नको, आणि पाहुण्याबरोबर एकट्याने कोपऱ्यात जायचं नाही, हे बजावून ठेवा. उन्हाकडे तोंड मुलाने करायचं, ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत ऊन येता कामा नये. प्रश्न आला की तो आधी मोठ्याने परत म्हणायचा, म्हणजे मागच्यांना कळतो आणि स्वतःला विचार करायला श्वासभर वेळ मिळतो. एक वहीही ठेवा, न आलेल्या उत्तरांची. आमच्या एका मुलीला दारामागच्या दगडातली वाटीएवढी खाच कुणी विचारली. तिने खाचेत बोटं घालून पाहिलं आणि म्हणाली, 'मला माहीत नाही, पण आतून गुळगुळीत आहे. काहीतरी फिरत असणार.' दाराचं बिजागर फिरायची ती खाच होती. तिला उत्तर नव्हतं, पण तिने पाहिलं होतं. विचारणारे आजोबाही मग गुडघे टेकून बोटं घालून बघायला लागले.

आता तुमचा मुलगा. त्याला समजावायला जाऊ नका, काम द्या. गटार ही हसण्याची गोष्ट नाही. तटाच्या पोटात पाणी मुरलं की आतला भराव फुगतो, तट पोट काढतो आणि एके दिवशी ढासळतो. बांधणाऱ्याने ते ओळखून पाण्याला वाट ठेवली. माणूस सरपटत जाईल एवढी ती मोठी असली की लोक तिला भुयार म्हणू लागतात. तो मुलगा एकटा फसलेला नाही. पहिल्या जोरदार पावसानंतर, पायाखालची वाट धड झाली की त्याला घेऊन जा. वही, पेन्सिल त्याच्याकडे द्या. पाणी वरून कुठून येतं, कुठे वळतं, भोकातून किती वेळ पडत राहतं, ते त्याचं त्याला लिहू द्या. आणि पुढच्या सुट्टीत ती जागा त्याच्याच नावावर ठेवा.