छापून झालेल्या कॉमिक्सची मूळ पानं आर्ट गॅलरीत लावावीत का? की मोठी करून प्रिंट लावावेत?

तुम्ही लिहिलंय की बरीच वर्षं मुलांच्या मासिकांसाठी आणि कॉमिक्ससाठी चित्रं काढताय, मूळ पानांचे गठ्ठे घरात आहेत, पण 'हे तर छापून आलेलंच आहे' असं लोक म्हणतील अशी धास्ती वाटते. म्हणून निवडक चौकटी मोठ्या करून लावाव्यात असा विचार आहे.

प्रदर्शन जरूर करा. मूळ पानंच लावा, आणि कुठलंही पान किंवा चौकट मोठी करून लावू नका.

मी पुण्यात इलस्ट्रेशन करतो. स्वतःच्या आणि मित्रमंडळींच्या कामाची प्रदर्शनं मांडताना एक गोष्ट दर वेळी दिसली आहे: छापील पान ज्यांना पाठ असतं, तेच मूळ पानासमोर सगळ्यात जास्त वेळ थांबतात. कारण ते पान त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. छापताना ते लहान होतं. अमेरिकन कॉमिक्सची पानं १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत साधारण १२ बाय १८ इंचांवर काढली जायची, नंतर १० बाय १५वर आली. वाचकाच्या हातात त्याहून बरंच लहान पान पडायचं. शाईचा जो भाग छपाईत सपाट काळा दिसतो, तो मुळात एकसारखा काळा नसतो. ब्रश कुठून फिरला, कुठे शाई संपत आली आणि पुन्हा बुडवून घेतली, हे तिरक्या उजेडात वाचता येतं. खाली फिकट निळ्या पेन्सिलीचं रेखाटन असतं. छपाईसाठी पानाचा फोटो ज्या लाइन फिल्मवर घ्यायचे तिला तो निळा दिसत नसे, म्हणून खोडायची गरज नसायची. चुकलेल्या बोटावर पोस्टर व्हाइटचा थर, वेगळ्या कागदावर लिहून चिकटवलेला आणि आता कडेने सुटत आलेला संवाद, समासात छपाईचा ब्लॉक बनवणाऱ्यासाठी लिहिलेलं माप. फ्रेमवाला हे सगळं माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या पट्टीखाली, दडवून 'स्वच्छ' करून देतो. त्याला बजावून सांगा की कागदाच्या चारही कडा दिसल्या पाहिजेत.

मोठं करण्याचा प्रयोग पूर्वी झालेला आहे. १९६७ मध्ये पॅरिसच्या म्युझे दे आर्ट देकोरातीफमध्ये कॉमिक्सचं गाजलेलं प्रदर्शन भरलं, त्यात चौकटींचे फोटो काढून मोठे करून लावले होते. कॉमिक्सची रेषा भिंतीवरही टिकते हे संग्रहालयाच्या प्रेक्षकाला पटवायला त्याचा उपयोग झाला. पण चौकट पानातून उचलली की शेजारच्या चौकटीशी तिचं नातं तुटतं, आणि कॉमिक्सची खरी करामत तिथेच असते. याच्या अगदी उलट मांडणी अमेरिकन व्यंगचित्रकार रॉबर्ट क्रम्ब यांच्या 'जेनेसिस'ची, म्हणजे बायबलमधल्या उत्पत्तीच्या कथेवरच्या त्यांच्या कॉमिक्सची. २००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या हॅमर म्युझियमने या संपूर्ण पुस्तकाची २०७ मूळ रेखाटनं दाखवली. २०१३ च्या व्हेनिस बिएनाले या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनातही ती होती. एवढी जागा आपल्याला मिळणार नाही हे उघड आहे, पण तत्त्व तेच ठेवा: वीस गोष्टींचं एकेक पान लावण्यापेक्षा दोन गोष्टी सलग, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत लावा. बाकी सुटी चित्रं, मुखपृष्ठं वेगळ्या भिंतीवर.

मजकूर जास्त असलेलं पान भिंतीवर दमवतं. उभं राहून कुणी दहा पानं वाचत नाही. तुमच्याकडे शब्दांशिवाय चालणारं काम असेल तर ते दर्शनी भागात ठेवा. शि. द. फडणीसांच्या 'हसरी गॅलरी'ने इतक्या ठिकाणच्या लोकांना हसवलं, त्यात चित्रांना बहुधा शब्दच लागत नाहीत याचा मोठा वाटा आहे. जवळच एका टेबलावर छापील अंकही ठेवा. लोक पान आणि अंक आलटूनपालटून बघतात.

कागद सांभाळणं फार महत्त्वाचं. काळी इंडियन इंक उजेडात टिकते, पण स्केचपेन आणि रंगीत डाय-इंक (विरघळणाऱ्या रंगाची शाई) बघता बघता उडतात. संग्रहालयं कागदावरच्या कामावर ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास, म्हणजे मंदच उजेड ठेवतात. आपल्याकडच्या दालनात स्पॉटलाइट थेट चित्रावर मारतात, तो फिरवून घ्या. माउंट अॅसिडविरहित घ्या. मागून सेलोटेप किंवा फेव्हिकॉल लावू देऊ नका. पातळ जपानी कागद आणि गव्हाची खळ पुरते, आणि ती पुढे पाण्याने सुटते. काच कागदाला चिकटता कामा नये. शक्यतो पावसाळा टाळा, कागद फुगतो आणि बुरशी धरते.

जागेचं म्हणाल तर सुरुवात पुण्याच्या बालगंधर्व कलादालनासारख्या भाड्याच्या दालनापासून करा. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत निवड होते आणि नंबर लागायला फार थांबावं लागतं, तरी अर्ज टाकून ठेवा. खासगी गॅलऱ्या कॉमिक्सवाल्यांना घेतच नाहीत असं नाही. ग्राफिक कादंबरीकार सारनाथ बॅनर्जींचं काम मुंबईच्या प्रोजेक्ट ८८ या गॅलरीने दाखवलं आहे. मात्र विक्रीवर निम्म्यापर्यंत कमिशन धरून चाला. तिथे जाताना 'मी चित्रकारही आहे' असं आडून सांगू नका. चित्राखालच्या पट्टीवर कोणत्या मासिकासाठी, कोणत्या साली, कशाने काढलं ते ठळक लिहा. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकरांची चित्रं दिवाळी अंकांसाठी होती म्हणून ती कुठे कमी ठरत नाहीत.

विक्रीआधी प्रकाशकाशी झालेला करार काढून बघा, मूळ पानं तुमच्या मालकीची आहेत ना. पान विकलं म्हणजे कॉपीराइट गेला असं होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क देण्यासाठी लेखी करार लागतो. पावतीवर तसं एक वाक्य टाका. आणि सलग लावलेल्या गोष्टीतलं मधलंच पान कुणी मागितलं, तर देऊ नका. गेली तर पूर्ण गोष्ट जाऊ द्या.