वाचक विचारतात : फझ फेस घरी जोडताना

प्रश्न : लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ मध्ये काढलेल्या गोल फझ फेससारखा (गिटारचा आवाज जाणूनबुजून खरखरीत करणारे पेडल) आवाज हवा आहे. मूळ पेडल परवडणारे नाही. त्याचे भाग बेळगावात मिळतील का? – एक गिटारवादक, खानापूर

उत्तर : दोन ट्रान्झिस्टर सोडले तर सगळे मिळतील. सर्किट अवघ्या अकरा भागांचे आहे. रेझिस्टर चार : ३३ के (के म्हणजे किलोओहम), ८.२ के, १०० के आणि ४७० ओहम. कपॅसिटर तीन : इनपुटला २.२ मायक्रोफॅरड, फझच्या पॉटला (फिरवायच्या बटणाचा बदलता रेझिस्टर) २० (बाजारात २२ मिळतो, चालतो) आणि आउटपुटला ०.०१. फझचा पॉट १ के लिनिअर, व्हॉल्यूमचा ५०० के लॉग. ८.२ केच्या जागी २० केचा प्रीसेट (स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा छोटा बदलता रेझिस्टर) घ्या, कारण पुढे कळेलच.

मूळ पेडलमधले जर्मेनियम ट्रान्झिस्टर एनकेटी २७५. या नावाने ऑनलाइन जे विकले जाते त्यात नवे छापे मारलेला मालही असतो, तेव्हा पैसे जपून. एसी १२८ घ्या. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही ते बनवले होते, त्यामुळे जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंत आणि रेकॉर्ड प्लेअरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये अजून सापडतात. रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडचे भंगार आधी चाळा, मग पुण्याची बुधवार पेठ किंवा बेंगळुरूचा एस. पी. रोड. चार पायांचे एएफ ११७ मात्र फुकट मिळाले तरी नकोत. त्यांच्या डबीत आतल्या आत कथलाचे केस वाढतात आणि शॉर्ट होतो.

प्रश्न : दहा एसी १२८ आणले. मल्टिमीटरवर गेन (करंट किती पट वाढतो तो आकडा) १९०-२०० दाखवतो, पण पेडल लावले की सूर फाटतो आणि मध्येच तुटतो. – एक वाचक, निपाणी

उत्तर : मीटर खोटे बोलतोय. ट्रान्झिस्टरचे तीन पाय : बेस, एमिटर, कलेक्टर. जर्मेनियममध्ये बेसला काही न देताही करंट गळतो आणि साधा मीटर ती गळती गेनमध्येच मिळवतो.

खरा गेन असा काढा. ९ व्होल्टच्या बॅटरीचे प्लस एमिटरला, कलेक्टर २.४ केच्या रेझिस्टरमधून मायनसला. बेस मोकळा ठेवून त्या रेझिस्टरवरचा व्होल्ट मोजा, ही गळती. मग बेसपासून मायनसला २.२ मेगओहमचा रेझिस्टर लावून पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक गुणिले शंभर म्हणजे गेन. समजा आधी ०.३० आणि नंतर १.०५ आले, तर गेन ७५. पहिलाच आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर तो ट्रान्झिस्टर बाजूला ठेवा. मोजताना डबीला बोट लावू नका. बोटाच्या उबेनेसुद्धा आकडा डोळ्यांदेखत चढतो; लागलेच तर मिनिटभर थांबून मग वाचा.

पहिल्या जागी ७०-८० गेनचा, दुसऱ्या जागी ११०-१३० चा बसवा. दहातून एक चांगली जोडी निघाली तरी नशीब समजा. मग दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर मीटर लावून प्रीसेट फिरवा, उणे ४.५ व्होल्ट येईपर्यंत. तुमचा सूर तुटतो तो इथेच. पहिला ट्रान्झिस्टर गळका असला की दुसऱ्याचा करंट घटतो आणि हा आकडा उणे ९ कडे सरकतो. प्रीसेटचा रेझिस्टन्स वाढवला की परत येतो. हे न करता छापील ८.२ के डोळे मिटून बसवणारे पुष्कळ, आणि मग दोष ट्रान्झिस्टरच्या माथी.

प्रश्न : मे महिन्यात यात्रेच्या कार्यक्रमात आवाज बिघडतो, पावसाळ्यात ठीक असतो. – एक वाचक, चिकोडी

उत्तर : तापमान दहा अंशांनी वाढले की जर्मेनियमची गळती साधारण दुप्पट होते. पेडल हॅलोजनच्या झोतात ठेवू नका. झाकणाला छोटे भोक पाडून प्रीसेट बाहेरून फिरवता येईल असा बसवा, म्हणजे स्टेजवरच दुरुस्त होईल. कायमचा उपाय हवा तर सिलिकॉनचा बीसी १०८. पण तो एनपीएन आहे, एसी १२८ च्या (पीएनपी) उलट ध्रुवांचा, म्हणजे बॅटरी आणि इलेक्ट्रोलिटिक (प्लस-मायनस खूण असलेले) कपॅसिटर दोन्ही उलटे लावायचे. आवाजही जास्त धारदार होतो, आणि तो मीडियम वेव्हचा रेडिओही पकडू शकतो! सोलोच्या मध्येच धारवाड आकाशवाणी ऐकू आली, तर पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेस आणि कलेक्टरमध्ये ४७ ते १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर टाका.

प्रश्न : इतर पेडलांच्या अ‍ॅडॉप्टरला हे जोडले की सगळीच बंद पडतात. – एक वाचक, बेळगाव

उत्तर : एसी १२८ पीएनपी असल्याने इथे ग्राउंडला बॅटरीचे प्लस येते आणि तुमच्या बाकी पेडलांत मायनस. एकाच वायरवर दोन्ही घेतली की सरळ शॉर्ट. याला स्वतंत्र बॅटरी द्या, साधी झिंक-कार्बनची पुरते. स्टीरिओ इनपुट जॅकच्या रिंगला बॅटरीची लाल वायर लावा, म्हणजे पिन काढली की बॅटरी सुटते. २२ मायक्रोफॅरडचा प्लस ग्राउंडकडे हवा, २.२ चा गिटारकडे.

पेडल साखळीत सर्वांत पुढे, थेट गिटारला. आधी बफर (गिटारचा सिग्नल पुढे ढकलणारे सर्किट, काही पेडलांत असते) आला तर आवाज कर्कश होतो, आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की सूर स्वच्छ होतो ती गंमतही जाते.

प्रश्न : गोल डबा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओतून घेता येईल का? – तेच वाचक

उत्तर : येईल, पण एका नगासाठी पॅटर्नचाच (साच्यासाठीचा नमुना) खर्च डब्यापेक्षा जड होतो. चार-पाच मित्र मिळून अ‍ॅल्युमिनिअममध्ये ओतून घ्या. एकट्याला हवा असेल तर तयार डायकास्ट डबा पुरे. प्लास्टिकचा नको, घरघर येते.