प्लेऑफ तोंडावर आले: बेसबॉलप्रेमी वाचकांचे प्रश्न

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलचे १६२ सामन्यांचे वेळापत्रक संपत आले आणि प्लेऑफ, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या मालिका, जवळ आल्या की सीमाभागातून येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एप्रिलमध्ये नियम विचारणारे वाचक सप्टेंबरअखेरीस थेट काळजीच लिहून पाठवतात. त्यातली काही पत्रे आणि त्यांची उत्तरे.

आम्ही सिएटल मरिनर्सचे. मुलगा तिकडे नोकरीला असल्याने घरात सगळ्यांनाच हा नाद लागला. २०२५ मध्ये अगदी दारातून परत फिरलो. संघ पुन्हा प्लेऑफला गेला, तर आशा धरायची तरी किती? (निपाणी)

आशा जरूर धरा, पण विजयांच्या आकड्यावर धरू नका. तुमच्याच संघाने २००१ मध्ये ११६ सामने जिंकले आणि आपल्या लीगच्या अंतिम मालिकेत (अशा दोन लीगचे विजेते मग वर्ल्ड सिरीज खेळतात) यांकीजकडून ४-१ असा मार खाल्ला. डॉजर्सनी २०२२ मध्ये १११ सामने जिंकले होते, त्यांना ८९ विजयांच्या पाद्रेजनी पाच सामन्यांच्या मालिकेत घरी पाठवले. उलट २००६ चे कार्डिनल्स ८३ विजयांवर विजेते झाले.

कारण साध्या गणितात आहे. तुमचा संघ समोरच्यापेक्षा सरस आहे आणि प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ५५ टक्के आहे असे धरा. तीन सामन्यांची मालिका तो जिंकेल याची शक्यता होते ५७ टक्के, पाचची ५९, सातची ६१. म्हणजे मालिका लांबली तरी फायदा जेमतेम. पाच, सात, सात अशा तीन मालिका ओळीने जिंकायच्या तर हातात उरतात साधारण २२ टक्के, आणि वाइल्ड कार्डपासून, म्हणजे थेट पुढे न गेलेल्या संघांच्या तीन सामन्यांच्या पहिल्या फेरीपासून, सुरुवात करावी लागली तर १३. सरस संघही पाचांत चार वेळा हरतो, हे आधीच मनाशी धरलेले बरे.

२०२५ ची सल मात्र समजण्यासारखी आहे. टोरांटोतला सातवा सामना, ३-१ अशी आघाडी, नऊपैकी सातव्या इनिंगमध्ये (डावात) समोरच्यांचे दोन धावपटू बेसवर. तिथे आपला पिचर (चेंडू टाकणारा) बदलला आणि टोरांटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने तीन धावांचा होम रन मारला, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर. सामना ४-३ असा गेला. क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग टाकणारा, मुन्योज तेव्हा बुलपेनमध्येच (राखीव पिचर थांबतात तिथे) होता. आमचे मत स्पष्ट आहे: हरलो तर उद्या सामनाच नाही, अशा दिवशी सर्वांत भरवशाचा हात नवव्या इनिंगसाठी राखून ठेवू नये. सामना जिथे फिरतोय तिथे तो वापरावा, मग ती सातवी इनिंग का असेना.

मॅजिक नंबर कसा काढायचा? दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे दिसतात. (चिकोडी)

मॅजिक नंबर म्हणजे आघाडीच्या संघाचे स्थान पक्के व्हायला त्याचे विजय आणि पाठलाग करणाऱ्याचे पराभव मिळून अजून किती हवेत तो आकडा. १६३ मधून आघाडीच्या संघाचे विजय वजा करा, मग पाठलाग करणाऱ्याचे पराभव वजा करा. ८८ विजय आणि समोरच्याचे ६८ पराभव असतील तर उत्तर ७. यापुढे तुमचा प्रत्येक विजय आणि त्यांचा प्रत्येक पराभव हा आकडा एकेकाने खाली आणतो.

आकडे वेगळे दिसतात ते बरोबरीच्या नियमामुळे. २०२२ पासून बरोबरी सोडवण्यासाठी जादा सामना खेळवत नाहीत, आधी आपापसातल्या सामन्यांचा हिशेब पाहतात. एकाच डिव्हिजनचे (लीगमधल्या गटाचे) दोन संघ वर्षात १३ वेळा भिडतात, त्यामुळे ज्याने ७ जिंकले त्याच्या खिशात तो निकाल आधीच असतो. अशा संघाला बरोबरीही पुरते, म्हणून त्याचा मॅजिक नंबर ७ ऐवजी ६. काही ठिकाणी हा एक वजा करतात, काही ठिकाणी करत नाहीत.

पहिल्या दोन क्रमांकांना थेट पुढची फेरी मिळते. पण पाच दिवस बसून फलंदाजांचा हात जातो म्हणतात. मग पहिला नंबर हवा की नको? (टिळकवाडी, बेळगाव)

हवाच. हात जातो ही ओरड २०२३ मध्ये वाढली, कारण त्या वर्षी दोन्ही लीग मिळून थेट गेलेल्या चारपैकी तीन संघ पहिल्याच मालिकेत बाद झाले: ब्रेव्हज, डॉजर्स आणि ओरिओल्स. पण २०२४ आणि २०२५ मध्ये चारपैकी तीन-तीन संघ जिंकले. २०२२ ते २०२५ धरले तर १६ पैकी ९. वर सांगितलेल्या ५५-६० टक्क्यांच्या गणितात हे बरोबर बसते, वेगळे कारण शोधण्याची गरज नाही.

खरा फायदा पिचरचा आहे. वाइल्ड कार्डचे तीन सामने मंगळ, बुध, गुरू असे सलग, तेही सगळे वरच्या क्रमांकाच्या मैदानावर. पुढची मालिका शनिवारी. स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, एका सामन्यात नव्वद-शंभर चेंडू टाकतो आणि त्याला मध्ये चार दिवसांची विश्रांती लागते. मंगळवारी पहिला स्टार्टर वापरला की तो रविवारच्या आधी ताजा मिळत नाही. म्हणजे शनिवारी समोरचा संघ आपला पहिल्या नंबरचा पिचर उभा करतो आणि तुमच्याकडून तिसरा किंवा चौथा. थेट आलेल्या संघाला ही ओढाताण नाही, शिवाय दुखरे खांदे-कोपर यांना पाच दिवस मिळतात.

चांगला टाकणारा पिचर मध्येच का काढतात? टीव्हीसमोर जीव तुटतो. (खानापूर)

तोच फलंदाज एका सामन्यात तिसऱ्यांदा समोर आला की त्याने पिचरचा प्रत्येक चेंडू पाहिलेला असतो, आणि पिचरचा हात थकलेला असतो. आकडेवारीत ही घसरण वर्षानुवर्षे दिसते, म्हणून व्यवस्थापक आधीच पिचर बदलतात. पण नियम डोळे झाकून लावला की फसतो. २०२० च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना घ्या. रेज संघाचा पिचर ब्लेक स्नेल ७३ चेंडूंत ९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) करून १-० ने पुढे होता, फक्त २ हिट (बेस मिळवून देणारे फटके) दिलेले. सहाव्या इनिंगमध्ये त्याला काढले आणि त्या प्लेऑफमध्ये सारखा धावा देत आलेला निक अँडरसन आणला. डॉजर्सच्या मुकी बेट्सने लगेच डबल (दोन बेसचा फटका) मारला, त्याच इनिंगमध्ये आघाडी गेली आणि तो सामना ३-१ ने जिंकून डॉजर्स विजेते झाले. काढणे चूक की बरोबर यावर वाद होईल. पण विचारायचा प्रश्न हा, की त्याच्या जागी येणारा कोण आहे आणि तो किती दमलेला आहे.

यासाठी घरात एक साधी वही ठेवा. मालिकेतल्या प्रत्येक रिलीव्हरला (स्टार्टरनंतर येणाऱ्या पिचरला) एक ओळ द्या, प्रत्येक सामन्याला एक रकाना, आणि रकान्यात त्याने टाकलेले चेंडू लिहा. बॉक्स स्कोअरमध्ये (सामन्याच्या आकडेवारीच्या तक्त्यात) पिचरच्या नावापुढे हा आकडा असतोच. मग तीन गोष्टी तपासा. काल २५ च्या वर टाकले असतील तर आज तो येण्याची शक्यता कमी, आणि आला तर चेंडूचा वेग त्याच्या नेहमीच्या वेगाशी ताडून बघा, ताशी दोन मैल कमी दिसला की धोका. सलग दोन दिवस टाकले असतील तर तिसऱ्या दिवशी त्याच्यावर भिस्त नको. आणि समोरच्या संघाच्या त्याच तीन-चार फलंदाजांपुढे तो कितव्यांदा येतोय ते मोजा. सातच्या मालिकेत स्टार्टरइतकाच रिलीव्हरही ओळखीचा होतो, आणि तिथेच मालिका उलटतात.

आणखी एक नियम ध्यानात ठेवा. २०२० पासून नव्या पिचरला किमान तीन फलंदाजांना चेंडू टाकावेच लागतात किंवा इनिंग संपवावी लागते. एका डावखुऱ्यासाठी आणलेला पिचर पुढच्या दोन उजव्यांना बळी पडतो तो यामुळेच. प्लेऑफमध्ये बरोबरी झाली तर नेहमीच्या सामन्यांसारखा दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर आयता धावपटूही ठेवत नाहीत. त्यामुळे सामना लांबतो: २०२५ च्या वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना १८ इनिंग चालला. असा सामना जिंकला तरी पुढचे दोन दिवस बुलपेन रिकामे असते.

सामने आपल्याकडे नेमके किती वाजता? नवरात्रात पहाटे दुर्गामाता दौडीला जातो, पाच इनिंग हुकतात. (शहापूर, बेळगाव)

ऑक्टोबरभर न्यूयॉर्कच्या वेळेत साडेनऊ तास मिळवा. तिथे रात्री ८ म्हणजे इथे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच, दुपारी ४ म्हणजे रात्री दीड, दुपारी १ म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा. तारखेत फसगत होते: तिकडचा मंगळवार रात्रीचा सामना आपल्या बुधवारी पहाटे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे तासभर मागे जातात, त्यानंतर साडेदहा तास मिळवायचे.

सामना साधारण तीन तासांचा. दौडीहून साडेसातपर्यंत परत आलात तर सहावी इनिंग चालू असेल, आणि निकालाच्या दृष्टीने पुढचाच भाग मोलाचा. आधीचा भाग नंतर बघायचा असेल तर मोबाइलवरच्या स्कोअरच्या सूचना आदल्या रात्रीच बंद करा.

मालिकेच्या मध्येच मुख्य खेळाडू जखमी झाला तर बदली घेता येते का? (हुक्केरी)

येते. प्रत्येक मालिकेला २६ जणांची यादी नव्याने देतात, आणि दुखापत झाली तर लीगच्या परवानगीने मध्येही बदल करता येतो. पण ज्याला काढले तो ती मालिका आणि त्याच्या पुढचीही खेळू शकत नाही. म्हणून लीगच्या अंतिम मालिकेत कुणाची मांडी धरली तर संघ त्याला लगेच काढत नाही, यादीत ठेवून २५ जणांवर खेळतो. तसे दिसले तर समजा, वर्ल्ड सिरीजपर्यंत तो बरा होईल असा डॉक्टरांचा अंदाज आहे.