भरदुपारचा अंधार पडद्यावर कसा दाखवायचा?

प्रश्न : माझी मुलगी नॉर्वेत ट्रॉम्सो इथे नोकरीला आहे. डिसेंबरअखेरीस मी आणि हे तिच्याकडे जाऊन आलो. यांच्या कॅमेऱ्यात आणि माझ्या मोबाइलमध्ये मिळून हजारावर फोटो झालेत. आता इथल्या ज्येष्ठ नागरिक संघात सगळे मागे लागलेत, ‘तासभर फोटो दाखवा, माहिती सांगा.’ दोघांचे फोटो लॅपटॉपवर एकत्र केले तर क्रमाचा पार गोंधळ झाला. बर्फ राखाडी दिसतोय. नॉर्दर्न लाइट्सचे, म्हणजे रात्री आकाशात दिसणाऱ्या ध्रुवीय प्रकाशाचे फोटो हिरवेगार आलेत, पण डोळ्यांना तो रंग एवढा दिसला नव्हता. हे म्हणतात, असले फोटो दाखवणं म्हणजे लोकांना फसवणं. शिवाय नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेले फोटो सगळे धुरकट झाले. काय करू?
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : तुमच्या यजमानांच्या शंकेपासून सुरुवात करतो. बाकीचं लॅपटॉपवर बसून निस्तरता येईल, हे मात्र आधी मनाशी पक्कं व्हायला हवं.

फोटो खोटा नाही. वेगाने खाली येणारे इलेक्ट्रॉन साधारण 100 ते 150 किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनच्या अणूंवर आदळतात, त्यातून हिरवा प्रकाश निघतो. म्हणजे तो रंग आकाशात होताच. पण अंधारात आपल्या डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात, त्यांना उजेड कळतो, रंग जवळजवळ कळत नाही. त्यामुळे प्रकाश मंद असेल तर तो पांढुरक्या ढगासारखा वाटतो. जोरात असेल तर साध्या डोळ्यांनाही हिरवा दिसतो. कॅमेऱ्याचं शटर काही सेकंद उघडं राहतं, तेवढ्या वेळाचा सगळा प्रकाश तो एका चित्रात जमवतो. फोटोच्या माहितीत हा आकडा असतो, तो बघून ठेवा आणि पडद्यावर फोटो आला की सरळ सांगा : “हा इतक्या सेकंदांचा फोटो. आम्हाला दिसला तो फिकट पट्टा होता, पण तो हलत होता.” तो हलताना कसा दिसला, हे फोटो सांगू शकत नाही, तुम्ही दोघांनी सांगायचं. फक्त रंग आणखी भडक करायच्या फंदात पडू नका. फसवणूक तिथून सुरू होते.

आता क्रमाचा गोंधळ. मोबाइलने तिथे उतरताच आपलं घड्याळ बदललं असणार आणि कॅमेरा पुण्याच्याच वेळेवर राहिला असणार. हिवाळ्यात नॉर्वे आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतो. म्हणून दुपारी दोनचा फोटो कॅमेऱ्याने संध्याकाळी साडेसहाचा म्हणून नोंदवला. खात्री करायला दोघांनी एकाच क्षणी काढलेला एखादा फोटो शोधा, केक कापतानाचा वगैरे, आणि दोन्हींच्या वेळा ताडून बघा. फरक बरोबर साडेचार तासांचा निघाला, तर आधी सगळ्याची एक प्रत वेगळी ठेवा आणि मग कॅमेऱ्याच्या फोटोंची वेळ एकदम मागे सरकवा. संगणकावर गूगल फोटोजमध्ये बरेच फोटो एकत्र निवडून हे करता येतं. निघताना आणि परतल्यावर इथे काढलेले फोटो मात्र त्यातून वगळा.

या वेळा मला फार मोलाच्या वाटतात, कारण तुम्ही गेलात ते दिवसच तसे होते. ट्रॉम्सोत नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. 21 डिसेंबरला ऐन मध्यान्हीला तो क्षितिजाखाली तीनेक अंशांवर असतो. म्हणून दुपारी रात्रीसारखा काळोख नसतो, निळसर संधिप्रकाश असतो. निळं आकाश आणि पेटलेले रस्त्यावरचे दिवे बघून सहकारनगरातली मंडळी ‘संध्याकाळचा फोटो दिसतोय’ एवढंच म्हणतील. त्यांना कळायला हवं की ही दुपार आहे. पहिलाच फोटो असा घ्या आणि त्यावर मोठ्या अक्षरांत वेळ लिहा : दुपारी 12.10. मग पुढच्या प्रत्येक फोटोकडे लोक वेगळ्या नजरेने बघतील.

बर्फाचं राखाडीपण घालवा, निळेपण राखा. कॅमेरा समोरचं दृश्य मध्यम उजेडाचं धरून चालतो, म्हणून पांढरंशुभ्र बर्फ तो मळकट करतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, हळूहळू वाढवा. बर्फातले बुटांचे ठसे पुसट व्हायला लागले की थांबा. निळी झाक हा तिथल्या प्रकाशाचाच रंग आहे. ‘ऑटो’ दाबलंत तर ती जाऊ शकते, तेव्हा त्या बटणापासून दूर राहा.

निवड करताना हात आखडता घ्या. मी हे काम छत्तीस फोटोंच्या रोलच्या जमान्यात शिकलो, त्यामुळे माझं मत कडक आहे : तासभराला साठाच्या वर नकोत. आर्क्टिक कॅथेड्रल हे तिथलं चर्च 1965 चं, दिसतं देखणं, पण त्याचा एक फोटो बास. तिथल्या पुलाचाही एकच. त्याऐवजी मुलीच्या दारात ओळीने ठेवलेले बूट, निसरड्यावर चालण्यासाठी बुटाला अडकवायचे काटे, खिडकीत टांगलेला कागदी तारा, असलं काही असेल तर ते आधी घ्या. ‘थंडी किती हो होती?’ हा प्रश्न येणारच. तेव्हा बंदराचा फोटो लावा. एवढ्या उत्तरेला असूनही तिथलं पाणी गोठत नाही, कारण अटलांटिकमधून येणारा उबदार सागरी प्रवाह. जानेवारीतही ट्रॉम्सोचं सरासरी तापमान शून्याखाली चार-पाच अंशांच्या आसपासच असतं. उणे तीस ऐकायच्या तयारीने आलेल्यांना याचं नवल वाटेल.

एक महत्त्वाचं. तुमचे बहुतेक फोटो काळोखे आहेत आणि प्रोजेक्टरवर असे फोटो हॉलमध्ये जरा उजेड असला तरी धुऊन जातात. संघाची वेळ पाचची असेल, तर त्या दिवसापुरती साडेसहाच्या पुढे न्यायला सांगा, आणि आदल्या दिवशी तिथल्याच प्रोजेक्टरवर चार-पाच काळोखे फोटो लावून बघा. उभे फोटो दोन-दोन शेजारी लावा, पडदा रिकामा दिसणार नाही.

व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेत की मूळ फाइल जशीच्या तशी जाते. मात्र तिच्याबरोबर फोटो कुठे काढला ती जागाही जाऊ शकते, तेव्हा मुलीच्या घरातले फोटो लोकेशन काढूनच मोठ्या ग्रुपवर टाका.

आणि फोटोंत शेजाऱ्यांची मुलं असतील, तर ग्रुपवर टाकण्याआधी किंवा हॉलमध्ये लावण्याआधी त्यांच्या आईवडिलांना विचारा. ज्यात माणूस ओळखू येतो, असा फोटो प्रसिद्ध करायला नॉर्वेच्या कायद्यात सहसा त्याची परवानगी लागते. तुमची मुलगी तिथेच आहे. तिला आजच फोन करून सांगा, ती विचारून घेईल.