कॅज्युअल्टीत नवीन आहात? आधी एवढं पक्कं करा

नर्व्ह एजंटच्या (मज्जासंस्थेवर घाला घालणारं युद्धातलं रासायनिक विष) नावाने घाबरू नका. कापसाच्या हंगामात विदर्भातून नागपूरच्या मेडिकल-मेयो रुग्णालयांत येणारी ऑर्गनोफॉस्फरस (कीटकनाशकांची) विषबाधा त्याच जातकुळीतली आहे. तिथे बसलेला हात इथेही कामी येतो.

आधी स्वतः नायट्राइलचे हातमोजे आणि गाऊन घाला. रुग्णाला दाराबाहेरच थांबवून कपडे कात्रीने कापा. डोक्यावरून ओढले तर विष तोंडा-डोळ्यांना पुसलं जातं. मग साबण-पाणी: केस, काखा, नखंसुद्धा.

सक्शन, ऑक्सिजन आणि अॅट्रोपिन (या विषावरचा उतारा) सोबतच. प्रौढाला 2 मिग्रॅ शिरेतून, दर 5 मिनिटांनी दुप्पट, छातीतली घरघर थांबेपर्यंत. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून हात आखडू नका, नवखे इथेच चुकतात. नाडी जलद आहे म्हणूनही नाही.

झटके आले तर डायझेपाम. प्रालिडॉक्सिमचं (दुसरा उतारा) वरिष्ठांना लगेच विचारा. त्याचे हिशेब नंतर शिकू.