वाचकांचे प्रश्न : चित्राची किंमत आणि दालनाचा वाटा

हाताने केलेली चित्रे आणि वस्तू आपल्याच गावातील कलादालनांतून व प्रदर्शनांतून कशा विकाव्यात, याविषयी या वेळी बरीच पत्रे आली. त्यांपैकी तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत अनेकांनी विचारला आहे.

प्रश्न : मी गोदाघाट आणि जुने वाडे यांची जलरंगातील चित्रे करते, शिवाय लिनोकट मुद्राचित्रेही (लिनोलियमचा तुकडा खोदून केलेल्या ठशाची चित्रे) छापते. आजवर ती ओळखीच्यांना आणि प्रदर्शनातील स्टॉलवर विकली. आता शहरातील एक खासगी कलादालन माझी काही चित्रे विक्रीसाठी ठेवून घेण्यास तयार आहे, पण विक्रीतील ४० टक्के वाटा त्यांचा राहील, असे ते म्हणतात. मला हा वाटा फार वाटतो. स्टॉलवर फ्रेमसह ३,३०० रुपयांना देते ते चित्र दालनात कितीला ठेवू? आणि दालनात चित्रे ठेवल्यावर स्टॉल बंद करावा का? — एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : खासगी दालने साधारणपणे ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान वाटा घेतात, त्यामुळे तुम्हाला सांगितलेला आकडा रिवाजाला धरूनच आहे. तो फार वाटतो याचे कारण असे की, दालनाचा वाटा आकड्यात समोर दिसतो आणि स्टॉलचा वाटा आपण कधी मांडूनच पाहत नाही. समजा, तीन दिवसांच्या प्रदर्शनात स्टॉलचे भाडे ६,००० रुपये आणि येण्याजाण्याचा व सामान वाहून नेण्याचा खर्च १,५०० रुपये झाला. तेथे तुमची दहा चित्रे गेली, तर प्रत्येक चित्रामागे ७५० रुपये, म्हणजे किमतीच्या जवळजवळ २३ टक्के, स्टॉलने घेतले. पाचच चित्रे गेली तर हाच वाटा ४५ टक्क्यांवर जातो, आणि तीन दिवस उभे राहून बोलण्याचे, चित्रे उघडून दाखवण्याचे व पुन्हा बांधून ठेवण्याचे श्रम यात धरलेलेच नाहीत. दालनाचा वाटा विक्री झाल्यावर द्यायचा असतो. स्टॉलचे भाडे मात्र एकही चित्र गेले नाही तरी भरावेच लागते. म्हणून दालनाने किती मागितले यापेक्षा त्या वाट्याच्या बदल्यात ते काय करणार आहेत, याची विचारपूस आधी करावी. चित्र भिंतीवर लागणार की मागच्या खोलीत एकावर एक टेकून राहणार? नेहमीच्या ग्राहकांना ते स्वतःहून दाखवणार का? फ्रेम कोणी करायची? या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळत नसतील, तर २० टक्केसुद्धा जास्तच म्हणावे लागतील.

आता किमतीकडे वळू. तुम्ही पाठवलेला तपशील पाहता एका चित्राला कागद आणि रंग मिळून सुमारे २५० रुपये, माउंट व फ्रेम यांना ७५० रुपये आणि तुमचे नऊ तास लागतात. तासाला २०० रुपये धरले, आणि माझ्या मते यापेक्षा कमी धरूच नये, तर श्रमाचे १,८०० रुपये होऊन एकूण २,८०० रुपये होतात. त्यावर ५०० रुपये नफा ठेवला की ३,३०० रुपये प्रत्यक्ष तुमच्या हातात पडायला हवेत. येथे बहुतेक जण ३,३०० रुपयांत ४० टक्के मिळवून ४,६२० रुपये किंमत लावतात आणि दालनाचा वाटा निघाला असे समजतात. पण दालन आपला वाटा ४,६२० रुपयांवर काढते, तो १,८४८ रुपये होतो आणि तुमच्या हाती २,७७२ रुपये येतात. म्हणजे नफा तर गेलाच, वर खर्चातलेही २८ रुपये सुटले नाहीत. वाटा विक्रीच्या किमतीवर आहे, तेव्हा हिशेब उलट्या बाजूने करायला हवा : तुमच्याकडे किमतीचे ६० टक्के राहणार, म्हणून ३,३०० ला ०.६० ने भागा. उत्तर ५,५०० रुपये येते आणि तीच या चित्राची किंमत.

आणि ही किंमत सगळीकडे एकच असली पाहिजे. या मुद्द्यावर मी कोणतीही सवलत देणार नाही. ज्या गृहस्थांनी शनिवारी दालनातून ५,५०० रुपयांना चित्र घेतले, त्यांना रविवारी तुमच्या स्टॉलवर त्याच मापाचे, त्याच फ्रेमचे चित्र ३,३०० रुपयांना दिसले, तर त्यांच्या लेखी तुमची खरी किंमत ३,३०० हीच ठरते. उरलेले पैसे दालनाने उकळले असे ते समजतात आणि दालनाला वाटते की तुम्ही त्यांच्या पाठीमागे त्यांचाच ग्राहक पळवलात. चित्रकाराच्या किमतीवरचा विश्वास एकदा उडाला की तो परत मिळवायला वर्षे जातात. स्टॉलवर मिळणारे जास्तीचे पैसे तुमच्या तीन दिवसांच्या उभे राहण्याचे आहेत. ते ग्राहकाला सूट म्हणून वाटून टाकण्याचे कारण नाही.

स्टॉल बंद करू नका, त्यावरचा माल बदला. फ्रेम केलेली मोठी जलरंगचित्रे दालनासाठी ठेवा आणि प्रदर्शनात लिनोकट, छोटी रेखाटने व शुभेच्छापत्रे न्या. लिनोकट तर या कामासाठी उत्तमच आहे. एका ठशावरून २५ प्रती छापायच्या, प्रत्येक प्रतीच्या खालच्या कडेला पेन्सिलने ३/२५ असा क्रमांक आणि सही करायची आणि पंचवीस झाल्या की तो ठसा पुन्हा वापरायचा नाही. स्टॉलशी आलेला माणूस ही संख्या वाचून हमखास विचारतो की हे काय आहे, आणि त्याला ठशावर शाई कशी लागते, कागद कसा दाबतात हे सांगता सांगता अर्धी विक्री झालेली असते. शक्य असल्यास खोदलेला लिनोचा तुकडाच टेबलावर ठेवावा. लोक त्यावरून बोट फिरवतात, उलटी अक्षरे वाचून पाहतात, आणि संगणकावरून काढलेल्या प्रतीत व हाताने छापलेल्या प्रतीत काय फरक आहे, हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मूळ जलरंगचित्राच्या डिजिटल प्रती विकायच्या असतील तर जरूर विका, पण त्या डिजिटल प्रती आहेत असे पाकिटावर स्पष्ट लिहा. प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी असू द्या; किंमत लिहिलेली असली की घासाघीस निम्म्याने कमी होते.

दालनाशी बोलणी झाल्यावर चित्रे हातात देण्याआधी लेखी पोच घ्या. ओळखीत कागद कशाला, असे अनेकांना वाटते आणि तेथेच पुढची कटुता सुरू होते. पोचेवर प्रत्येक चित्राचे नाव, माप, माध्यम आणि विक्रीची किंमत असावी. वाटा किती, ग्राहकाला सूट दिल्यास ती कोणाच्या हिश्श्यातून जाणार, विक्रीनंतर किती दिवसांत पैसे मिळणार, चित्र खराब झाले किंवा हरवले तर भरपाई कोणाची आणि न विकलेली चित्रे कधी परत, हे सारे त्याच कागदावर यावे. फ्रेमचा खर्च तुम्ही केला असेल तर तो आधी वजा करून उरलेल्या रकमेवर वाटा काढावा, अशी मागणी करून पाहा. ती मान्य झाली तर तुमच्याच उदाहरणात ७५० रुपये वजा जाऊन ४,७५० रुपयांवर वाटा बसेल आणि चित्रामागे ३०० रुपये तुमच्याकडे जास्त राहतील. अशा व्यवहारात दालन तुमच्या वतीने विकत असते, म्हणजे ते तुमचे प्रतिनिधी असते, आणि १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार प्रतिनिधीने मागणी होताच हिशेब देणे बंधनकारक आहे. तेव्हा हिशेब मागताना संकोच बाळगू नका. पावसाळ्यात मात्र एक फेरी जास्त मारा. बंद खोलीत भिंतीला टेकवलेल्या कागदी चित्रांना बुरशी लवकर धरते आणि काचेच्या आत ती उशिरा दिसते.

भाड्याने मिळणारी दालने हा वेगळा प्रकार आहे. पुण्यातील बालगंधर्व कलादालन किंवा मुंबईतील, १९५२ साली सुरू झालेली जहांगीर आर्ट गॅलरी येथे कलावंत ठरावीक दिवसांचे भाडे भरतो. निमंत्रणे, मांडणी आणि विक्री हे सारे त्यालाच पाहावे लागते. जहांगीरसाठी अर्ज केल्यावर प्रदर्शनाची तारीख मिळायला वर्षे लागतात. तुमच्याकडे सध्या असलेल्या कामावर इतका खर्च करण्याची घाई मी करणार नाही. त्याऐवजी मुंबईचा काळा घोडा कला महोत्सव किंवा पुण्याची भीमथडी जत्रा यांसारख्या ठिकाणी स्टॉलसाठी बरेच आधी अर्ज करावा. अशा ठिकाणी निवड होते, म्हणून अर्जासोबत कामाची चांगली, उजेडात काढलेली छायाचित्रे द्यावी लागतात. केंद्र सरकारच्या हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाचे ‘पहचान’ ओळखपत्र हस्तकारागिरांना मिळते. तुमचे काम त्यात बसत असेल तर ते काढून ठेवा, कारण दिल्ली हाटसारख्या बाजारांत, जेथे कारागिरांना पाळीपाळीने स्टॉल मिळतात, ते उपयोगी पडते.

वस्तू व सेवा कराची धास्ती अनेक पत्रांत दिसली. केवळ वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल महाराष्ट्रात ४० लाख रुपयांपर्यंत असेल तर सामान्यतः नोंदणी लागत नाही. परराज्यात माल विकताना नियम बदलतात. हाताने केलेल्या ठरावीक वस्तूंना तेथेही २० लाखांपर्यंत सूट आहे, पण आपली वस्तू त्या यादीत आहे का, हे सनदी लेखापालाला विचारूनच जावे. नोंदणी नसली तरी पावतीपुस्तक आणि हिशेबवही ठेवा.

प्रश्न : एका व्यावसायिकाने त्यांच्या वाड्याचे तैलचित्र माझ्याकडून पैसे देऊन काढून घेतले. वर्षभराने तेच चित्र त्यांच्या दिनदर्शिकेवर छापलेले पाहिले; माझे नाव कोठेही नव्हते. चित्र विकले तरी हक्क चित्रकाराकडेच राहतो, असे ऐकले होते. मी काय करू शकतो? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुम्ही ऐकलेले अर्धे खरे आहे. स्वतःच्या मनाने काढलेले चित्र विकले, तर कॅनव्हास ग्राहकाचा होतो आणि प्रती काढण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. तो देऊन टाकायचा असेल तर लेखी आणि सही केलेला करार लागतो. पण कोणी पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राची गोष्ट निराळी आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, उलट करार नसेल तर अशा चित्राच्या स्वामित्वहक्काचा पहिला मालक चित्र काढून घेणारा असतो. त्यामुळे दिनदर्शिका छापली म्हणून मोबदला मागण्याची तुमची बाजू लंगडी आहे, हे वाईट वाटले तरी सांगायला हवे.

नावाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. कलम ५७ नुसार हे चित्र माझे आहे असे सांगण्याचा हक्क स्वामित्वहक्क दुसऱ्याकडे गेला तरी चित्रकाराकडे राहतो. चित्राची मोडतोड किंवा विद्रूपीकरण होऊन त्याच्या लौकिकाला धक्का पोहोचत असेल, तर तेही तो अडवू शकतो. प्रथम सभ्य भाषेत एक पत्र लिहा, सोबत चित्रावरील तुमच्या सहीचे छायाचित्र जोडा आणि पुढील छपाईत नाव घालण्याची विनंती करा; बहुतेक ठिकाणी एवढ्याने काम होते. न झाल्यास वकिलाकडे जाता येईल.

पुढच्या मागणीच्या वेळी आगाऊ रक्कम घेताना पावतीवरच एक वाक्य लिहून दोघांच्या सह्या घ्या : ‘या चित्राचा स्वामित्वहक्क चित्रकाराकडे राहील, ग्राहकास हे चित्र घरी अथवा कार्यालयात लावता येईल, छपाईसाठी वेगळी लेखी परवानगी लागेल.’ एवढे पुरेसे आहे. याचा दुसराही लाभ आहे. मूळ चित्र पुढे १०,००० रुपयांपेक्षा अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर कलम ५३-अ नुसार त्या रकमेत चित्रकाराला वाटा मागता येतो, पण ज्याच्याकडे मुळात पहिला हक्क होता, त्यालाच.

प्रश्न : आमच्या महिला बचत गटाने वारली चित्रे शिकवणारा वर्ग केला. आम्ही कोणी आदिवासी नाही. कापडी पिशव्यांवर ही चित्रे रंगवून ‘वारली पेंटिंग’ म्हणून विकली तर चालेल का? — एका बचत गटाच्या सदस्या, सातारा

उत्तर : माझे मत स्पष्टपणे सांगते : त्या नावाने विकू नका. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक उपदर्शनाची (जीआय, म्हणजे विशिष्ट प्रदेशातील वस्तूचे नाव राखून ठेवणारी) नोंदणी मिळाली आहे आणि हे नाव विक्रीसाठी वापरण्याचा हक्क त्या नोंदणीतील अधिकृत कारागिरांचा आहे. कायद्याच्याही आधी न्याय्यतेचा प्रश्न येतो. तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर काढला जाणारा लग्नाचा चौक आणि त्यातील पालघाट देवी ही डहाणू-जव्हार पट्ट्यातील घरांची पूजा आहे, आणि ती पिढ्यान् पिढ्या सवाष्णींनी काढली. कागदावर आणून ती जगापुढे नेणारे जिव्या सोमा म्हसे यांना पद्मश्री मिळाली ती २०११ साली, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर. तोच आकार दुसऱ्याच्या हातून स्वस्तात बाजारात आला की मूळ कारागिराच्या चित्राचा भाव पडतो, हे बचत गटाच्या भगिनींना मी वेगळे सांगायला नको.

तुमच्या हातात कला आली आहे, ती वाया जाणार नाही. साताऱ्यातील शेते, कास पठारावरची फुले, यात्रेतील सासनकाठ्या हे तुमच्या डोळ्यांसमोरचे विषय आहेत. त्यांतून स्वतःचे आकार बसवा, गटाचे नाव पिशवीच्या आतल्या शिवणीवर शिवा आणि काढणाऱ्या भगिनीचे नाव चिठ्ठीवर लिहा. वारली चित्रे ठेवायचीच असतील तर ती डहाणूकडील कारागिरांकडून रीतसर विकत घ्या, त्यांचे नाव व गाव चिठ्ठीवर द्या आणि तुमच्या पिशव्यांपासून वेगळ्या टेबलावर मांडा. विक्रीच्या दिवशी कोणी विचारले, तर कोणत्या टेबलावरचे पैसे कोणाला जातात, हे गटातील प्रत्येकीला सांगता आले पाहिजे.