'संमिश्र' संख्या की 'जटिल', आणि घातांकात कोणाचा घात?

प्रश्न असा आहे की कॉम्प्लेक्स नंबरला मराठीत संमिश्र संख्या का म्हणतात, जटिल का नाही, आणि एक्स्पोनेन्शियलला घातांकी म्हणतात त्यात हा 'घात' कुठून आला. विचारणाऱ्या ताईंचं गणित दहावीनंतर सुटलंय, म्हणून सोपं करून सांगते.

जटिल नकोच. जटिल म्हणजे गुंतलेलं, जटा झालेलं. इथला कॉम्प्लेक्स हाउसिंग कॉम्प्लेक्समधला आहे, म्हणजे भाग जोडून झालेली एक वस्तू. व्याकरणात बघा, कॉम्प्लेक्स सेंटेन्सला आपण मिश्र वाक्यच म्हणतो ना? तसंच ३ + ४ आय या संख्येत (आय म्हणजे i, तो काय ते पुढे सांगते) दोन भाग आहेत, ३ पावलं पूर्वेला आणि ४ उत्तरेला, दोन्ही मिळून एकच ठिकाण. संमिश्र हा शब्द अगदी नेमका आहे.

मला खटकतो तो 'काल्पनिक'. उणे एकचं वर्गमूळ म्हणजे आय, त्याला काल्पनिक म्हणायचं हे फ्रेंच गणिती देकार्तनं १६३७ मध्ये सुरू केलं आणि ते चिकटलं. आपल्या भास्कराचार्यांनीही बीजगणितात म्हटलंय की ऋण संख्येला मूळ नाही, कारण ती कोणाचा वर्गच नाही, आणि एका सरळ रेषेवर राहिलात तर ते शंभर टक्के खरं आहे. पण रेषा सोडून मैदानात या. पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहा, उणे एकनं गुणणं म्हणजे पाठीमागे वळणं, तोंड पश्चिमेला. आता असं काय आहे जे दोनदा केलं की पाठीमागे वळून होतं? डावीकडे काटकोनात वळणं! तोच आय, त्यात कल्पनेचं काहीच नाही. जर्मन गणिती गाउसनं १८३१ मध्ये लिहिलंय की अधिक एक, उणे एक आणि आय या एककांना सुलट, उलट आणि आडवी अशी नावं दिली असती तर सगळं गूढ राहिलंच नसतं. मी तरी शिकवताना आडवी संख्याच म्हणते.

आता घात. संस्कृत गणितात गुणाकाराला हनन, वध, घात असे शब्द आहेत, सगळे मारण्याचे, त्यामुळे विश्वासघाताशी याचा संबंध लावू नका. दोनाचा पाचवा घात म्हणजे दोन पाच वेळा घेऊन केलेला गुणाकार, आणि त्या पाचाला घातांक म्हणायचं. घातांकी वाढ मात्र नुसती भराभर वाढ नव्हे (बातम्यांत सर्रास तसं वापरतात), जितकं आहे तितक्या प्रमाणात वाढणं, म्हणजे आपली चक्रवाढ. शंभर रुपयांवर वर्षाला शंभर टक्के व्याज, वर्षातून एकदा जोडलं तर २००, सहामाही जोडलं तर २२५, दर महिन्याला जोडलं तर साधारण २६१, आणि क्षणाक्षणाला जोडत गेलात तरी २७१ रुपये ८३ पैशांच्या जवळच थांबतं. म्हणजे मूळ रकमेच्या २.७१८ पट, आणि ती २.७१८ म्हणजे ई (e) ही संख्या.

आणि मला सगळ्यात आवडतं ते हे, की व्याजाचा दर आडवा, म्हणजे आय, केला तर काय होतं? वाढ नेहमी तुम्ही आहात त्याच्या काटकोनात होते. खळ्यात मेढीला बांधलेला बैल आठवा, तो आपल्या परीनं पुढेच चालत असतो पण दावं त्याच्या चालण्याला काटकोनात असतं, म्हणून तो लांब जात नाही, मेढीभोवती फिरत राहतो. दावं एक मीटरचं असेल तर ३.१४ मीटर म्हणजे पाय (वर्तुळाचा π) मीटर चालल्यावर तो बरोब्बर समोरच्या बाजूला येतो, म्हणजे एकपासून निघून उणे एकवर. ई चा आय-पाय घात बरोबर उणे एक, हे ऑयलरचं प्रसिद्ध सूत्र म्हणजे हीच अर्धी फेरी. चक्रवाढीत व्याजावर व्याजाचं चक्र असतं, इथे खरंखुरं चाक फिरतं, आणि आपल्या शब्दात ते चक्र आधीपासूनच आहे याचा मला फार आनंद होतो.

घरातल्या विजेचा प्रवाह सेकंदाला अशा ५० फेऱ्या करतो आणि इंजिनिअर लोक त्याचा हिशोब याच आडव्या संख्येनं करतात, फक्त ते 'आय'ऐवजी 'जे' (j) हे अक्षर लिहितात, कारण आय हे अक्षर त्यांनी करंटसाठी आधीच घेतलंय.